तपासणाऱ्याची तपासणी : सिरसाळ्याच्या दप्तरापासून म्युटंटपर्यंत

बीड जिल्ह्याच्या परळी तालुक्यातील सिरसाळा हे महसुली मंडळाचे गाव आहे, म्हणजे आसपासच्या अनेक गावांतील जमिनीच्या हक्कांत झालेला बदल पक्का होण्याआधी ज्या मंडळ अधिकाऱ्याच्या सहीतून जावा लागतो, त्याच्या कार्यक्षेत्राला या गावाचे नाव आहे. तलाठ्याने लिहायचे, मंडळ अधिकाऱ्याने पडताळायचे, तहसीलदाराने अधूनमधून दप्तर मागवायचे आणि प्रांताने वर्षातून एखाद्या वेळी त्यावर नजर टाकायची, अशी ही उतरंड दख्खनच्या महसुली इतिहासात हळूहळू घडत गेली. तिच्या प्रत्येक पायरीचा हेतू चूक पकडणे हाच होता. परंतु त्या पायरीला चूक खरोखर पकडता येते की नाही, हे मुद्दाम पारखून पाहण्याची रीत मात्र दप्तराच्या कारभारात रूढ झाली नाही. हा प्रश्न काटेकोरपणे मांडला गेला तो १९७० च्या दशकात अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञांकडून, आणि त्यातून म्युटेशन टेस्टिंग नावाची पद्धत जन्माला आली. सातबारा आता कागदावरून संगणकात गेलेला असल्यामुळे हे दोन इतिहास एकत्र वाचणे आवश्यक झाले आहे.

दख्खनमध्ये जमीन मोजून सारा ठरवण्याचे प्रयत्न जुने आहेत. सतराव्या शतकाच्या आरंभी निजामशाहीत मलिक अंबरने आणि त्याच शतकाच्या मध्यावर मोगल सुभ्यात मुर्शिद कुली खानाने घालून दिलेल्या पद्धतींच्या आठवणी कागदपत्रांत पुढे बराच काळ टिकल्या. तथापि तपासणीच्या दृष्टीने निर्णायक ठरला तो एकोणिसाव्या शतकातला पुणे भागातील एक फसलेला प्रयोग. कंपनी सरकारचा अधिकारी प्रिंगल याने १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात केलेली पाहणी कागदावर अत्यंत शास्त्रशुद्ध होती आणि जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढून त्याचा ठरावीक हिस्सा सारा म्हणून घ्यावा असा तिचा हिशेब होता. पण मूळ मोजणीतच मोठ्या चुका आणि लाचलुचपत शिरल्यामुळे त्यावर उभारलेला सारा रयतेला झेपेना, जमिनी ओस पडू लागल्या आणि ती पाहणी अखेर सोडून द्यावी लागली. १८३५ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी नवी पाहणी सुरू केली, तिच्यात हिशेबाची सूक्ष्मता कमी करून देखरेख वाढवण्यात आली, आणि मोजणीदाराने मोजलेल्या शेतांपैकी काही शेते वरिष्ठाने स्वतः पुन्हा मोजून पाहायची हा दंडक पडला. प्रिंगलचे अपयश हे गणिताचे अपयश नव्हते, गणितात जे आकडे घातले गेले त्यांना कोणी हटकले नाही याचे ते अपयश होते, आणि मुंबई इलाख्याच्या महसूल खात्याने त्यातून नेमका तेवढाच धडा घेतला.

सिरसाळा त्या काळी इंग्रजी अमलात नव्हते. निजामाच्या राज्यातील भीर जिल्ह्यात ते मोडत असे, आणि जवळचे अंबाजोगाई तेव्हा मोमिनाबाद या नावाने ओळखले जाई. सालार जंग यांच्या कारभारात जिल्हे आणि तालुके यांची नवी घडी बसली, आणि त्यानंतर मराठवाड्यात झालेल्या पाहणी व जमाबंदीने मुंबई इलाख्याचाच नमुना पुष्कळसा उचलला, त्यामुळे सर्वे नंबर, आकार, पोटखराबा ही परिभाषा दोन्हीकडे जवळपास एकच राहिली. फरक होता तो दप्तराच्या भाषेत आणि हक्कनोंदीच्या अभावात : वरचे कामकाज उर्दूत चाले, गावचा हिशेब मराठीत राही, आणि सारा कोणी भरायचा हे लिहिले जाई, पण जमिनीवर कोणाकोणाचे कोणते हक्क आहेत याची स्वतंत्र नोंद ठेवण्याचा विनियम हैदराबाद संस्थानात आला तो थेट १३५८ फसलीत, म्हणजे संस्थान भारतात विलीन झाले त्या १९४८-४९ च्या सुमारास. पाठोपाठ १९५० चा कूळकायदा आला आणि १९५४-५५ चे खासरा पत्रक तयार झाले. मराठवाड्यातील जमिनीच्या वादांत आजही वकील पहिल्यांदा ज्याची नक्कल काढायला सांगतात ते हेच पत्रक. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला, आणि १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने सगळ्या राज्याला एकच चौकट लागू केली.

या चौकटीचा कणा म्हणजे गाव नमुना ६, अर्थात फेरफार नोंदवही. खरेदी, वाटणी, वारस, बोजा अशा कोणत्याही कारणाने हक्क बदलला की तलाठी तिच्यात अनुक्रमांकाने नोंद करतो, चावडीवर ती प्रसिद्ध करतो आणि हितसंबंधितांना नोटीस देतो. हरकत घेण्याची मुदत साधारणपणे १५ दिवसांची असते. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते आणि न आल्यास मंडळ अधिकारी खातरजमा करून नोंद प्रमाणित करतो. हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यावर या प्रवासाच्या खुणा डोळ्यांना दिसत असत. नोंद प्रमाणित होईपर्यंत नवे नाव पेन्सिलीने लिहायचे, प्रमाणित झाल्यावर शाईने गिरवायचे, जुन्या नावाला कंस करायचा आणि नव्या नावाशेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक टाकायचा. एखाद्या गटाच्या जुन्या उताऱ्यावर तीन-चार कंस आणि तितकीच वर्तुळे असतील, तर त्या क्रमांकांच्या मागे जाऊन आजोबापासून नातवापर्यंत जमीन कशी उतरत आली हे कोणालाही शोधता येई. चूक झाल्यास ती कोणत्या टप्प्यावर झाली हे सांगू शकणारी ही पद्धत होती, आणि तिच्या या गुणाची पुरेशी वाखाणणी झालेली नाही.

तिचे दुबळेपण दुसरीकडे होते. पीकपाण्याचे रकाने भरले की दर काही वर्षांनी सातबाऱ्याचे पुनर्लेखन होई, म्हणजे जुन्या पानावरचा चालू मजकूर नव्या पानावर उतरवून घेतला जाई, आणि या उतरवण्यात एखाद्या बहिणीचे नाव गळे, एखादा कंस राहून जाई, क्षेत्राचा आकडा एका ओळीने खाली सरके. वरिष्ठांनी ठरावीक टक्के पाने तपासावीत असा दंडक होता आणि तो बहुधा पाळलाही जाई. पण तपासणारा जर केवळ बेरजा जुळतात का आणि सह्या आहेत का एवढेच पाहत असेल, तर गळालेले नाव त्याच्या हाती लागण्याचा संभव नव्हता, कारण नाव गळाले तरी बेरीज जुळते. शेऱ्यात ‘तपासले, बरोबर’ असे लिहिलेले असे. त्या शब्दांवरून पान निर्दोष होते की तपासणी पोकळ होती हे ठरवण्याचे साधन कोणाकडे नव्हते.

संगणकशास्त्राला हाच पेच आज्ञावलीच्या, म्हणजे संगणकाला क्रमाने दिलेल्या सूचनांच्या, बाबतीत पडला. आज्ञावली बरोबर चालते का हे पाहण्यासाठी तिला नमुन्याची माहिती द्यायची आणि अपेक्षित उत्तर येते का ते ताडायचे, या प्रत्येक ताडणीला टेस्ट केस म्हणतात. शंभर टेस्ट केस पास झाल्या, तर आज्ञावली चांगली आहे असेही असू शकते आणि टेस्ट केस निरुपयोगी आहेत असेही असू शकते. हारलन मिल्स याने १९७० च्या दशकाच्या आरंभी एक सांख्यिकी तोडगा सुचवला : आज्ञावलीत मुद्दाम ५० चुका पेराव्यात, तपासणाऱ्यांना त्यांतल्या ४० सापडल्या आणि न पेरलेल्या, मूळच्या २० सापडल्या, तर मूळच्या चुका एकूण २५ च्या आसपास असून ५ अजून दडलेल्या आहेत असा अंदाज करता येतो. हा हिशेब सुबक आहे, पण पेरलेल्या चुका मूळच्या चुकांइतक्याच अवघड असतील या गृहीतावर तो उभा आहे, आणि ते गृहीत टिकवणे कठीण असते.

म्युटेशन टेस्टिंगने अंदाजाचा मार्ग सोडून दिला. या कल्पनेचे बीज रिचर्ड लिप्टन याने १९७१ मध्ये विद्यार्थिदशेत लिहिलेल्या एका निबंधात होते. रिचर्ड डिमिलो, लिप्टन आणि फ्रेडरिक सेवर्ड यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखाने तिला सर्वमान्य रूप दिले, तर त्याच सुमारास, १९७७ मध्ये, हॅम्लेट यानेही तशीच वाट स्वतंत्रपणे दाखवली होती. पद्धत अशी : मूळ आज्ञावलीची प्रत घ्यायची आणि तिच्यात फक्त एक बारीक बदल करायचा, बेरजेच्या जागी वजाबाकी, ‘पेक्षा मोठे’च्या जागी ‘पेक्षा मोठे किंवा समान’, एका आकड्याच्या जागी दुसरा. अशा बिघडवलेल्या प्रतीला म्युटंट म्हणतात. मग हाताशी असलेल्या सगळ्या टेस्ट केस त्या म्युटंटवर चालवायच्या. एक जरी टेस्ट नापास झाली तर म्युटंट मेला, म्हणजे तपासणीने चूक ओळखली. सगळ्या पास झाल्या तर म्युटंट जिवंत राहिला, म्हणजे तशी चूक खऱ्या आज्ञावलीत असती तरी ती कोणाच्या लक्षात आली नसती.

सातबाऱ्याच्या क्षेत्राचा हिशेब हे याचे चांगले उदाहरण आहे. मेट्रिक मापे येण्यापूर्वीच्या नोंदी एकर आणि गुंठ्यांत आहेत आणि ४० गुंठ्यांचा एक एकर होतो. आताच्या नोंदी हेक्टर आणि आरमध्ये असून १०० आरचा एक हेक्टर होतो. जुन्या मापातल्या दोन तुकड्यांची बेरीज करणारी आज्ञावली कोणी लिहिली आणि ती तपासण्यासाठी १ एकर १० गुंठे अधिक २ एकर १५ गुंठे बरोबर ३ एकर २५ गुंठे एवढी एकच टेस्ट ठेवली, असे समजू. आता आज्ञावलीतला ४० हा आकडा बदलून १०० केला, तर हा म्युटंट जिवंत राहतो, कारण २५ हा आकडा दोन्ही मर्यादांच्या आतच आहे आणि हातचा घ्यावाच लागत नाही. १ एकर २५ गुंठे अधिक ३० गुंठे ही टेस्ट जोडली की तो लगेच मरतो : मूळ आज्ञावली २ एकर १५ गुंठे सांगते, म्युटंट १ एकर ५५ गुंठे. परंतु आणखी एक म्युटंट शिल्लक उरतो. ‘गुंठे ४० किंवा त्याहून अधिक झाले तर हातचा घ्या’ या अटीतले ‘४० किंवा’ काढून टाकले, तर वरच्या दोन्ही टेस्ट त्याला हात लावू शकत नाहीत. त्याला मारायला बेरीज नेमकी ४० व्हावी लागते, जसे २० गुंठे अधिक २० गुंठे. दोन भावांना समान मिळालेल्या तुकड्यांत ही बेरीज सहज होऊ शकते, आणि तेव्हा उताऱ्यावर ‘० एकर ४० गुंठे’ असे विचित्र क्षेत्र उमटले असते.

पोटखराब्याचेही असेच आहे. एकूण क्षेत्र म्हणजे लागवडीयोग्य क्षेत्र अधिक पोटखराबा. या अधिकच्या जागी उणे टाकून केलेला म्युटंट ज्या गटात पोटखराबा शून्य आहे अशा नमुन्यांवर कधीही उघडा पडत नाही. सपाट काळ्या रानातले गट तेवढे नमुन्याला घेतले, तर बालाघाटाच्या अंगाने असलेल्या खडकाळ, ओढ्या-नाल्यांच्या जमिनींचा हिशेब न तपासताच राहील. मुदतीच्या तारखांतही हा धोका असतो. पीएम किसान योजनेत जमीन नावावर असण्याची अंतिम तारीख १ फेब्रुवारी २०१९ धरली आहे. त्या तारखेच्या खूप आधीची आणि खूप नंतरची अशी दोनच खाती तपासली, तर नेमकी त्या दिवशीची नोंद पात्र ठरते की नाही हे ‘पर्यंत’ आणि ‘पूर्वी’ यांतल्या एका चिन्हावर अवलंबून राहते आणि ते चिन्ह चुकले तरी तपासणी गप्प राहते. अशी नोंद असलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने प्रश्न वर्षाच्या ६,००० रुपयांचा असतो.

एवढ्या क्षुल्लक बदलांनी खऱ्या, गुंतागुंतीच्या चुकांबद्दल काही कळते का, या आक्षेपाला डिमिलो आणि सहकाऱ्यांनी दोन गृहीतकांनी उत्तर दिले होते. एक असे की जाणकार माणूस आज्ञावली लिहितो तेव्हा ती जवळजवळ बरोबर असते आणि चूक बहुधा छोटीच असते. दुसरे असे की जी टेस्ट छोट्या चुका पकडते ती त्यांच्या संयोगातून बनलेल्या मोठ्या चुकाही बहुतेक वेळा पकडते. पहिले गृहीतक काहीसे उदार आहे. दुसऱ्याला मात्र जेफ ऑफट याने १९९२ मध्ये प्रयोगांनी बराच आधार दिला, आणि त्यामुळे ही पद्धत निव्वळ चातुर्य न राहता शास्त्र म्हणून उभी राहिली.

तिचा प्रसार होण्यात अडचण खर्चाची होती. लहानशा आज्ञावलीतूनही शेकड्यांनी म्युटंट निघतात आणि प्रत्येकावर सगळ्या टेस्ट चालवाव्या लागतात. १९८० च्या दशकात जॉर्जिया टेक येथे तयार झालेल्या मोथ्रा या प्रणालीत फोरट्रान भाषेसाठी बदलाचे २२ प्रकार होते. नंतर ऑफट आणि सहकाऱ्यांनी दाखवले की त्यांतले ५ प्रकार वापरले तरी जवळपास तेवढेच काम होते. सी भाषेसाठीचे बदल पर्ड्यू विद्यापीठात आखले गेले आणि तेथे या विषयावर दीर्घकाळ काम करणाऱ्यांत पिलानीच्या बिट्सहून गेलेले आदित्य माथुर होते. जावा भाषेसाठी पिटसारखी साधने आली तेव्हा ही तपासणी रोजच्या कामात बसू लागली, आणि २०१८ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी नोंदवले की त्यांच्याकडे सगळे म्युटंट न चालवता, नव्याने बदललेल्या ओळींतले निवडक म्युटंट सहकाऱ्याच्या परीक्षणाच्या वेळी समोर ठेवले जातात. महाराष्ट्रात आज्ञावल्यांच्या विश्वासार्हतेवर पद्धतशीर संशोधन उभे राहिले ते मुख्यतः पुण्यात. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरने पुढे आज्ञावलीचे विश्लेषण आणि पडताळणी हे आपल्या कामाचे एक मोठे अंग बनवले.

खर्चाहून चिवट अडचण अशी की काही म्युटंट कोणत्याही टेस्टने मरत नाहीत, कारण ते दिसायला वेगळे असले तरी वागायला मूळ आज्ञावलीसारखेच असतात. वरच्या बेरजेत ‘गुंठे ४० च्या खाली येईपर्यंत पुन्हा पुन्हा ४० वजा करा’ याऐवजी ‘एकदाच ४० वजा करा’ असा बदल केला, तर दोन्ही तुकड्यांचे गुंठे ४० पेक्षा कमी असल्याने त्यांची बेरीज ७८ च्या वर जाऊच शकत नाही आणि एकदा वजा करणे पुरते. हा समतुल्य म्युटंट आहे, आणि दोन आज्ञावल्या समतुल्य आहेत का हे सर्व बाबतींत ठरवू शकणारी एकच यांत्रिक रीत अस्तित्वात असू शकत नाही, हे सिद्ध झालेले आहे. म्हणून जिवंत उरलेल्या म्युटंटांपुढे शेवटी माणसालाच बसावे लागते. पण हे बसणे वाया जात नाही. तीच बेरीज एका खात्यातील दहा वाटेकऱ्यांच्या गुंठ्यांची एकदम करायची ठरली, तर हा म्युटंट समतुल्य राहत नाही, आणि त्याचा विचार करता करता मूळ आज्ञावलीने काय गृहीत धरले होते ते उघड होते.

महाराष्ट्रात सातबाऱ्याचे संगणकीकरण टप्प्याटप्प्याने झाले. आधी उतारे संगणकावर उतरवून छापून देण्यापुरते काम होते; पुढे पुण्याच्या जमाबंदी आयुक्त कार्यालयाच्या देखरेखीखाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ई-फेरफार ही प्रणाली तयार केली, तिच्यात दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या दस्ताची माहिती थेट तहसीलला जाऊ लागली, आणि पेन्सिल, शाई, कंस आणि वर्तुळ यांची जागा टप्प्यांच्या नोंदींनी घेतली. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, २०२० मध्ये उताऱ्याचा नमुना बदलला, आणि २०२१ मध्ये ई-पीक पाहणीने पेऱ्याची नोंद शेतकऱ्याच्या मोबाइलवर आणली. या सगळ्या प्रवासात सर्वांत मोलाची तपासणी कोणती, असे विचारले तर चावडी वाचनाचे नाव घ्यावे लागेल. संगणकात उतरवलेला आणि हस्तलिखित सातबारा जुळतो की नाही हे पाहण्यासाठी गावकऱ्यांना जमवून उतारे मोठ्याने वाचून दाखवण्याची ही मोहीम २०१७ च्या सुमारास राज्यभर चालली. बेरीज जुळूनही गळालेले बहिणीचे नाव टक्केवारीच्या तपासणीत निसटत असे. तेच नाव चावडीवर वाचले गेले नाही, तर ती बहीण किंवा तिचा मुलगा तेथल्या तेथे उठून बोलू शकत होता. अट एवढीच की ज्याचे नाव गळाले तो त्या दिवशी गावात हजर असावा, आणि ऊसतोडीसाठी वर्षातील काही महिने बाहेर जाणाऱ्या बीड जिल्ह्यातील कुटुंबांच्या बाबतीत ही अट लहान नाही.

म्युटेशन टेस्टिंग येथे अर्धेच काम करू शकते हे स्पष्ट ठेवले पाहिजे. ती आज्ञावलीच्या टेस्टचे माप घेते. आज्ञावलीत घातलेल्या माहितीचे नाही. चाळीस गुंठ्यांचा हातचा निर्दोष असला तरी १९५४-५५ च्या खासऱ्यातून पुढे उतरवताना चुकलेला आकडा तसाच निर्दोषपणे बेरजेत मिसळला जातो. मात्र दप्तराच्या तपासणीला तिचा मूळ विचार लावून पाहण्यात तांत्रिक अडथळा कोणताही नाही : चालू अभिलेखाला स्पर्श न करता त्याच्या वेगळ्या, चाचणीच्या प्रतीत निवडक उताऱ्यांमध्ये एखादे नाव, एखादा कंस, एखादा पोटखराबा मुद्दाम चुकवायचा आणि तीच प्रत नेहमीच्या टक्केवारीच्या तपासणीतून जाऊ द्यायची. कोणत्या प्रकारच्या चुका तहसीलपर्यंत जाऊनही जिवंत राहतात, हे त्यातून कळेल. तोवर चुकीची नोंद हाती पडलेल्या खातेदारापुढे संहितेचेच मार्ग आहेत : लेखनप्रमाद असेल तर कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज, आणि फेरफारच चुकीचा प्रमाणित झाला असेल तर कलम २४७ खाली प्रांताकडे अपील, तेही आदेशापासून ६० दिवसांच्या आत.